बायपासच्या आधी मानेचा डॉपलर : गरज कोणाला?

निळाई | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. बाबांची बायपास पुढच्या बुधवारी ठरली आहे. वय ७२, मधुमेह पंधरा वर्षांपासून, सिगारेट सोडून दहा वर्षं झाली. अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले, शिवाय डाव्या मुख्य वाहिनीत, म्हणजे लेफ्ट मेनमध्येही.

आज ऑपरेशनआधीच्या तपासण्यांचा कागद हातात मिळाला. रक्त, छातीचा एक्स-रे, इको, फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी हे सगळं छापलेलं होतं. त्याखाली सर्जननी पेनाने एक ओळ वाढवली होती : 'कॅरॉटिड डॉपलर, दोन्ही बाजू', म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या वाहिन्यांची सोनोग्राफी. भाऊ म्हणतो, ऑपरेशन छातीचं आणि तपासणी मानेची, हे काय? त्याच्या सासऱ्यांची बायपास झाली तेव्हा मानेला कोणी हातही लावला नव्हता आणि ते आज रोज चार किलोमीटर चालतात. बाबा तर तपासण्यांना इतके कंटाळलेत की कागद बघायलाच तयार नाहीत.

माझी खरी भीती वेगळी आहे. मानेत काही निघालं तर? बायपास पुढे ढकलणार? आधी मानेचं ऑपरेशन करणार? एकीकडे सांगितलंय की लेफ्ट मेन आहे, फार थांबू नका. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मी सगळं वाचणार आहे.

मनस्वी | सोमवार, रात्री ९.५२

करून टाक गं. सुई नाही, दुखणं नाही, दहा मिनिटांचं काम. बाबांना शुभेच्छा.

अनिकेत_ज | सोमवार, रात्री १०.०५

वाचतोय. काकांची पुढच्या महिन्यात आहे, त्यांच्या यादीत ही तपासणी नाही. म्हणजे सर्जनवर अवलंबून असतं का हे?

सुधन्वा | सोमवार, रात्री ११.३०

निळाई, तपासणी कराच. पण ती चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नका, एवढं सांगायला लिहितोय.

आईची बायपास तीन वर्षांपूर्वी झाली. डॉपलर केला होता. दोन्हीकडे वाहिनीच्या भिंतीवर किरकोळ थर, 'लक्षणीय अडथळा नाही'. तो कागद बघून आम्ही सगळ्या नातेवाइकांना फोन केले की पक्षाघाताची भीती नाही. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला कंगवा दिला. तिने तो उजव्या हातात घेतला आणि तो मांडीवर पडला. उचलून दिला, पुन्हा पडला. ती म्हणाली, "रात्री हातावर झोपले असेन, मुंग्या आल्यात." मला पटलं. मीच तिचे केस विंचरून दिले. अर्ध्या तासाने सिस्टर औषधं द्यायला आल्या आणि नेहमीप्रमाणे नाव विचारलं, तर आईला स्वतःचं नाव सांगता येईना.

पहाटेपासून तिचे ठोके अनियमित पडत होते, एट्रिअल फिब्रिलेशन. गुठळी हृदयातून वर गेली होती, मानेतून नाही. आज ती चालते, बोलते, पण उजव्या हाताने ब्लाउजची बटणं लावता येत नाहीत. तो अर्धा तास माझ्या डोक्यातून जात नाही. मान स्वच्छ आहे हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की कंगवा दोनदा पडला तरी मला शंका आली नाही.

निद्राधर | मंगळवार, सकाळी ७.१५

मी हृदयशस्त्रक्रियांसाठी भूल देतो. सुधन्वा, वाचून फार वाईट वाटलं. त्या परिस्थितीत मुलगा म्हणून मीही कदाचित केसच विंचरून दिले असते.

बायपासनंतर पक्षाघात होण्याचं प्रमाण ढोबळमानाने शंभरात दोनच्या आसपास आहे. २००२ साली या विषयावरच्या तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं की मानेत लक्षणीय अडथळा नसलेल्यांना धोका दोन टक्क्यांहून कमी, एका बाजूला ५० ते ९९ टक्के अडथळा असेल तर साधारण ३, दोन्ही बाजूंना असेल तर ५, आणि एखादी बाजू पूर्ण बंद असेल तर ७ ते ११. म्हणजे मानेचा संबंध आहेच. पण त्याच आढाव्यात हेही होतं की ज्यांना पक्षाघात झाला त्यांच्यापैकी निम्म्या लोकांच्या मानेत लक्षणीय आजार नव्हता, आणि दोन तृतीयांश पक्षाघात पहिल्या दिवसानंतर झाले. सुधन्वांच्या आई नेमक्या या गटातल्या.

मग बाकीचे कशामुळे होतात? महाधमनी हे मोठं कारण. तिच्या भिंतीत चुना साचलेला असतो. तिथे नळी घालताना किंवा क्लॅम्प (चिमटा) लावताना कण सुटतात आणि थेट मेंदूत जातात. दुसरं कारण ऑपरेशननंतरचं एट्रिअल फिब्रिलेशन. ते चारातल्या एकाला तरी होतं, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी जास्त. तिसरं, रक्तदाब बराच वेळ खाली राहणं.

अनिकेत, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : सर्जनपेक्षा ते रुग्णावर जास्त अवलंबून असतं. अमेरिकेतल्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ च्या वरचं वय, लेफ्ट मेनचा आजार, पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार, धूम्रपानाचा इतिहास, आधी झालेला पक्षाघात किंवा मानेत स्टेथोस्कोपने ऐकू येणारा घरघराट यांपैकी काही असेल तर डॉपलर करणं योग्य म्हटलंय. युरोपातल्या रक्तवाहिनी-शल्यविशारदांच्या २०२३ च्या सूचना जरा हात राखून आहेत : ७० च्या वर वय, लेफ्ट मेन, पक्षाघाताचा आधीचा झटका किंवा घरघराट असेल तर विचार करावा. आणि अमेरिकेतल्याच सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्सने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं की लक्षणं नाहीत आणि जोखीमही नाही अशांची सरसकट तपासणी करू नये.

निळाईंच्या बाबांना वय, लेफ्ट मेन आणि सिगारेट हे तिन्ही लागू आहेत. ती पेनाने लिहिलेली ओळ कोणीतरी फाइल नीट वाचून लिहिली आहे. भावाच्या सासऱ्यांचं वय तेव्हा काय होतं, हे विचारून बघा.

रुजुता_एस | मंगळवार, सकाळी १०.२०

मी रोज हीच तपासणी करते, म्हणून मनस्वीला प्रेमाने विरोध. दहा मिनिटांत नीट होत नाही. दोन्ही बाजूंना मिळून वीस मिनिटं ते अर्धा तास धरा.

रुग्णाला उताणं झोपवून मान थोडी मागे आणि विरुद्ध बाजूला वळवायची. गार जेल लावलं की बहुतेक जण दचकतात. गळपट्टीच्या हाडापासून सुरुवात करून सोनोग्राफीचा प्रोब हळूहळू वर न्यायचा. जबड्याच्या कोनाच्या जरा खाली मोठ्या वाहिनीच्या दोन फांद्या होतात, एक चेहऱ्याकडे जाते, दुसरी मेंदूकडे. त्या फाट्यापाशी वाहिनी फुगीर असते, प्रवाह भिंतीजवळ घोटाळतो आणि थर साचतो तो बहुतेक तिथेच. कोणती फांदी कुठली हे पक्कं करायला मी कानासमोर बोटाने हलकेच टकटक करते. ते ठोके चेहऱ्याकडच्या फांदीच्या आलेखात बारीक दातांसारखे उमटतात.

थर दिसला की पुढचा प्रश्न तो वाहिनी किती अरुंद करतो. पाइपाचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात उडतं, तसंच इथे. अडथळ्यापाशी रक्ताचा वेग वाढतो, तो मोजायचा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या रेडिओलॉजिस्टांच्या सहमतीनुसार मेंदूकडे जाणाऱ्या आतल्या फांदीत कमाल वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या वर गेला तर ५० टक्के किंवा जास्त, २३० च्या वर गेला तर ७० टक्के किंवा जास्त अडथळा धरतात. वाहिनी जवळजवळ बंद असेल तर मात्र वेग उलट कमी होतो. म्हणून चित्र आणि आकडा दोन्ही बघावे लागतात, आणि म्हणूनच घाई नको.

निळाई, बाबांना सैल गळ्याचा सदरा घालून न्या. उपाशी राहायला लागत नाही. गोळ्या नेहमीसारख्या.

वामन_द | मंगळवार, दुपारी १.१०

मी या बाबतीत वेगळं मत मांडतो. कोणाला घाबरवायचा हेतू नाही.

थोरल्या भावाची सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. बायपास ठरली, डॉपलर झाला, डावीकडे ८० टक्के निघालं. लक्षणं शून्य. त्याला कधी साधी बोबडीही वळली नव्हती. पण आकडा ऐकून घरातले सगळे हादरलो. आधी मान साफ करू, मग हृदय, असं ठरलं. मानेचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, बायपासची वाट बघत खाटेवर असतानाच, त्याला हार्ट अटॅक आला. वाचला. पण हृदयाची ताकद जी गेली ती गेली. आता जिन्याच्या सहा पायऱ्यांनंतर थांबतो, कठडा धरतो, आणि आपण बघत नाही असं दाखवावं लागतं.

तपासणी लिहून देताना एकाही माणसाने आम्हाला विचारलं नाही की काही सापडलं तर तुम्ही काय कराल, आम्ही काय करू. आधी त्या प्रश्नाचं उत्तर हवं, मग तपासणी. निळाई, तुमची भीती अगदी रास्त आहे.

मनस्वी | मंगळवार, दुपारी १.२५

वामनकाका, वाचून गलबलून आलं. मी सहज 'करून टाक' लिहून गेले, पण सापडल्यावर काय याचा विचारच केला नव्हता.

निद्राधर | मंगळवार, दुपारी ३.४०

वामनराव, तुमचा प्रश्न या विषयातला सर्वांत कळीचा आहे, आणि तो तपासणीआधी विचारायचा हेही पूर्ण मान्य.

ज्याचं हृदय तुंबलेलं आहे त्याच्या मानेचं ऑपरेशन आधी करायचं तर त्या काळात हृदयाला धोका. हृदय आधी करायचं तर मेंदूला धोका. दोन्ही एकाच भुलेत करायचं तर ऑपरेशन लांबतं. मुख्यतः जर्मनीत झालेल्या कॅबॅक्स नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. मानेत मोठा अडथळा आहे पण लक्षणं नाहीत असे सव्वाशेच्या आसपास रुग्ण चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागले. एका गटाची फक्त बायपास, दुसऱ्याची बायपास आणि मान एकत्र. तीस दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू : फक्त बायपासच्या गटात ९.७ टक्के, एकत्र केलेल्या गटात १८.५ टक्के. रुग्ण पुरेसे न मिळाल्यामुळे अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला, त्यामुळे हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येत नाही. पण एकत्र केल्याने फायदा झाला, असं तर नक्कीच दिसलं नाही.

लक्षणं असतील तर मात्र चित्र पूर्ण बदलतं. १९९१ च्या नॅसेट अभ्यासात, ज्यांना नुकताच पक्षाघाताचा छोटा झटका येऊन गेला होता आणि मानेत ७० टक्क्यांच्या वर अडथळा होता, त्यांना नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात २६ टक्के झाला. मान साफ केलेल्यांत ९ टक्के. एवढा मोठा फायदा वैद्यकात क्वचित दिसतो. म्हणून डॉपलरच्याही आधी रुग्णाला विचारायचा प्रश्न असा : गेल्या सहा महिन्यांत काही झालं होतं का?

आर्या_मी | मंगळवार, संध्या. ५.३०

'काही' म्हणजे नक्की काय? माझ्या आत्याला सारखी चक्कर येते, तिला मानेचा डॉपलर करायला सांगू का?

रुजुता_एस | मंगळवार, संध्या. ६.०५

नुसती चक्कर हे सहसा मानेच्या पुढच्या वाहिन्यांचं लक्षण नसतं. आत्यांनी आधी कान, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि चालू असलेल्या गोळ्या यांकडे बघून घ्यावं. माझ्याकडे चक्करेसाठी पाठवलेले कितीतरी रुग्ण येतात आणि बहुतेकांच्या मानेत काहीच नसतं.

मेघमाला | मंगळवार, रात्री ८.५०

आर्या, काय विचारायचं ते मी सांगते, कारण आमच्या घरी हे जवळजवळ निसटलंच होतं.

सासऱ्यांना बायपासच्या दोन महिने आधी वाचताना उजव्या डोळ्यासमोर वरून खाली शटर ओढल्यासारखं काळं झालं. दोन-तीन मिनिटांत गेलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला आणि वाचत बसले. कोणाला सांगितलं नाही, कारण दुखलं काहीच नव्हतं. ऑपरेशनआधी निवासी डॉक्टर माहिती घ्यायला आल्या. त्यांनी 'पक्षाघात झाला होता का' असं विचारल्यावर हे 'नाही' म्हणाले. तिने पेन खाली ठेवलं आणि पुन्हा विचारलं, "हात-पाय थोडा वेळ गेल्यासारखे, तोंड वाकडं, शब्द न सुचणं, एका डोळ्याला अंधारी? पाच मिनिटांसाठीसुद्धा?" तेव्हा यांना चष्मा आठवला. डॉपलरमध्ये उजवीकडे जेमतेम फट उरली होती.

त्यांच्या बाबतीत मानेचं ऑपरेशन आधी झालं, बायपास त्यानंतर काही दिवसांनी, सगळा वेळ हृदयाच्या आयसीयूत ठेवून. आज ते ७९ वर्षांचे आहेत. वामनकाकांसारखा अनुभव आमच्याही वाट्याला येऊ शकला असता, हे आता कळतंय.

एक लक्षात ठेवा : डोळा त्याच बाजूचा, हात-पाय विरुद्ध बाजूचे. उजवी मान खराब असेल तर उजवा डोळा, डावा हात.

अनिकेत_ज | मंगळवार, रात्री ९.१०

काकांना आत्ताच फोन करून विचारलं. ते म्हणाले, "मला एकच लक्षण आहे, तुझी काकू बोलते ते अर्धं ऐकू येत नाही." मागून काकूचा आवाज आला की ते चाळीस वर्षांपासून आहे. बाकी काही नाही, वय ५८, लेफ्ट मेन नाही, सिगारेट कधीच नाही. म्हणजे यादीत डॉपलर नाही ते बरोबर दिसतंय.

प्रभंजन | बुधवार, सकाळी ६.४५

थोडं अवांतर. 'कॅरॉटिड' हा शब्द ग्रीकमधून आला, मूळ अर्थ ग्लानी किंवा गुंगी. या वाहिन्या दाबल्या की माणूस बेशुद्ध होतो हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून नाडी बघायची असेल तर मानेत एकाच बाजूला, हलक्या बोटाने बघा, दोन्ही बाजू एकदम कधीही दाबू नका.

निळाई | गुरुवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज डॉपलर झाला. जेल लावताना बाबा म्हणाले, "दाढी करणार असाल तर मिशी ठेवा." टेक्निशियन ताई हसल्या, आणि मलाही आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं.

रिपोर्ट : उजव्या आतल्या कॅरॉटिडमध्ये कमाल वेग २६८, '७० टक्के किंवा अधिक अडथळा'. डावीकडे '५० टक्क्यांहून कमी'. लगेच सीटी अँजिओही केला, त्यात उजवीकडे ६५ टक्के लिहिलंय. आता यातलं खरं काय? आणि ७० टक्के म्हणजे मेंदूला ३० टक्केच रक्त मिळतंय का? भाऊ सकाळपर्यंत तपासणीच्या विरोधात होता, आता म्हणतो आधी मानेचंच करा. मला काही सुचत नाहीये.

बाबांना मेघमालाताईंचे प्रश्न एकेक करून विचारले. डोळा, हात, बोलणं, तोंड. कधीच काही नाही.

रुजुता_एस | गुरुवार, रात्री १०.४०

निळाई, आधी शांत हो. ७० टक्के अडथळा म्हणजे मेंदूचं ७० टक्के रक्त कमी झालं, असं अजिबात नाही. मेंदूला चार वाहिन्या रक्त पुरवतात, दोन पुढून आणि दोन मणक्यांतून, आणि तळाशी त्यांचं एक कडं असतं. एकीकडून कमी आलं तर दुसरीकडून वळतं. हे कडं सगळ्यांचं पूर्ण नसतं, पण कित्येक लोक एक बाजू पूर्ण बंद असूनही धडधाकट असतात.

६५ आणि ७० मध्ये भांडण नाही. डॉपलर वेगावरून अंदाज बांधतो, सीटी रुंदी मोजतो. मोजायच्या पद्धतीही दोन आहेत. नॅसेट पद्धतीत वरच्या निरोगी भागाशी तुलना करतात, जुन्या युरोपीय पद्धतीत त्याच जागी वाहिनी मुळात किती रुंद असेल त्याच्याशी. पहिल्या पद्धतीतले ७० दुसऱ्या पद्धतीत ८० च्या वर जातात. काही रिपोर्टांत रुंदीऐवजी क्षेत्रफळ दिलेलं असतं. रुंदी निम्मी झाली की क्षेत्रफळ पाऊणपट घटतं, म्हणजे रुंदीतले ५० तिथे ७५ म्हणून छापले जातात. रिपोर्टात पद्धत लिहिली आहे का ते बघ.

आणि एक विचारायचं राहिलं. दोन्ही हातांचा रक्तदाब घेतलाय का? बायपासला डाव्या छातीच्या आतली जी धमनी वापरतात ती डाव्या हाताकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीची फांदी आहे. तीच वाहिनी उगमाशी अरुंद असेल तर जोडलेल्या धमनीला रक्त कमी पडतं. दोन हातांच्या दाबात १५-२० चा फरक दिसला की आम्ही तिथे प्रोब नेतो.

वामन_द | गुरुवार, रात्री ११.००

भावाला माझ्याकडून सांगा : आकडा ऐकल्यावर पहिल्या रात्री काहीही ठरवू नका. आम्ही ठरवलं होतं.

निद्राधर | शुक्रवार, सकाळी ६.५०

उद्या सर्जनना भेटाल तेव्हा न्यूरॉलॉजिस्ट किंवा रक्तवाहिन्यांचे सर्जन यांचंही मत एकत्र घेता येईल का ते विचारा. निर्णय सगळ्यांनी मिळून घेतलेला बरा. मानेत स्टेंट घालायचा पर्याय निघाला तर लक्षात घ्या की त्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही आठवडे लागतात, आणि लेफ्ट मेनवाल्याला तेवढं थांबणं परवडेल का, हा वेगळा प्रश्न. फक्त बायपास ठरली तर एवढं नक्की विचारा : ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवर असताना रक्तदाब किती ठेवणार? महाधमनीत चुना कुठे आहे ते छाती उघडल्यावर सोनोग्राफीचा प्रोब थेट तिच्यावर ठेवून बघणार का?

ही माहिती भूलतज्ज्ञाच्या रोजच्या कामात बदल घडवते. मानेत अडथळा आहे हे मला ठाऊक असेल तर मी दाब खाली जाऊ देत नाही, कपाळावर दोन्ही बाजूंना मेंदूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या पट्ट्या लावतो आणि उजवा आकडा घसरला की लगेच दाब वाढवतो, वेळ पडली तर रक्त देतो. मानेला सुरीही न लावता डॉपलरचा उपयोग होतो तो इथे. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) मनाने बंद करू नका.

सुधन्वा | शुक्रवार, सकाळी ८.३०

आणि ऑपरेशननंतर रोज सकाळी उठल्याबरोबर : दोन्ही हात समोर धरायला सांगा, तुमची बोटं दाबायला सांगा, हसायला सांगा, एक पूर्ण वाक्य बोलायला सांगा. एक मिनिट लागतं. काही वेगळं वाटलं तर 'मुंग्या आल्या असतील' म्हणून सोडू नका, लगेच सिस्टरांना हाक मारा. एवढ्या ताज्या ऑपरेशननंतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा देता येत नाही, पण मोठ्या वाहिनीतली गुठळी नळी घालून ओढून काढता येते, आणि त्याला वेळेचं बंधन असतं. आईच्या वेळी हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

निळाई | शनिवार, रात्री ९.००

भेट झाली. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट तिघेही होते. तुमच्या प्रश्नांचा कागद समोर ठेवला, सर्जननी तो हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. लक्षणं नाहीत, अडथळा एकाच बाजूला, लेफ्ट मेन थांबू देत नाही, म्हणून फक्त बायपास. मशीनवर दाब नेहमीपेक्षा वर ठेवणार. महाधमनी प्रोबने बघूनच क्लॅम्पची जागा ठरवणार. मानेचा विचार बरे झाल्यावर, स्वतंत्रपणे. दोन्ही हातांचा दाब घेतला, उजवा १४८, डावा १४४, म्हणजे रुजुताताईंची ती शंका मिटली.

भावाने शेवटी विचारलं, "मग तपासणी करून फरक काय पडला?" भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "मला बुधवारी काय करायचं ते आज कळलं."

मनस्वी | शनिवार, रात्री ९.०८

बुधवारी सगळे वाट बघतोय. झोप थोडी तरी घे.

निळाई | पुढचा सोमवार, दुपारी २.२०

उशिरा लिहितेय, क्षमस्व. बुधवारी ऑपरेशन पार पडलं. महाधमनीच्या पुढच्या भिंतीत एका जागी चुना निघाला, क्लॅम्प तिथून बाजूला घेतला, असं सर्जननी बाहेर येऊन स्वतः सांगितलं.

शनिवारी पहाटे, तिसऱ्याच दिवशी, ठोके अनियमित झाले. मॉनिटर वाजला तेव्हा मी तिथेच होते आणि सुधन्वादादा, तुमच्या आईंचा कंगवाच डोळ्यांसमोर आला. हात धरले, बोटं दाबायला लावली, हसायला लावलं. दोन्ही हात सारखे. वाक्य बोला म्हटलं तर म्हणाले, "मला झोपू दे." सिस्टरांनी तोवर डॉक्टरांना बोलावलं होतं. औषध सुरू झालं, संध्याकाळपर्यंत ठोके ताळ्यावर आले. रक्त पातळ करायचं औषध किती दिवस द्यायचं ते आज ठरेल. रोज सकाळची तपासणी आता भाऊ करतो. बाबांनी त्याचा हात काल इतका जोरात दाबला की तो ओरडला.

मानेसाठी सहा आठवड्यांनी बोलावलंय. तोवर अजून काही करायचं आहे का?

सुधन्वा | सोमवार, दुपारी २.४५

आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, बाबांना रोज हात दाबायला सांगा.

रुजुता_एस | सोमवार, दुपारी ४.१०

फार बरं वाटलं. पहिला रिपोर्ट आणि सीटीची सीडी दोन्ही फाइलमध्ये ठेव. पुढचा डॉपलर शक्य तर त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर करून घे आणि जाताना जुना रिपोर्ट सोबत ने, म्हणजे २६८ चे किती झाले ते सरळ पडताळता येईल. आणि बाबांना डोळ्यासमोर अंधारी आली तर चष्मा पुसत बसायचं नाही, लगेच सांगायचं, हे आत्ताच सांगून ठेव.